कुळवृत्तांत स्वतःच्या संकेतस्थळावर डाउनलोडला ठेवायचा आहे: पीडीएफ, फाँट आणि नातेवाईक

कसब्याचा पाहुणा (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत दोनदा छापला गेला. पहिली आवृत्ती १९३८ ची, खिळे जुळवून छापलेली, आता पानांच्या कडा हातात येतात. दुसरी १९९८ ची, डीटीपी करून ऑफसेटवर काढलेली. दोन्ही केव्हाच संपल्या. कोणाचं लग्न ठरलं की गोत्र-प्रवर, कुलाचार, अमक्या शाखेचा मूळ पुरुष यासाठी कुलमंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'ते पान पाठवा' सुरू होतं. मग कुणीतरी मांडीवर पुस्तक धरून तिरका फोटो काढतं, त्यात मजकुरापेक्षा अंगठा ठसठशीत.

माझं एक साधं संकेतस्थळ आहे. गावाची माहिती, देवळाचे उत्सव, थोडे लेख. तिथेच दोन्ही आवृत्त्या, देवीच्या आरत्या आणि घरातले काही मोडी कागद असं सगळं डाउनलोडला ठेवावं असा विचार आहे. कुलमंडळाच्या चिटणीसांनी तोंडी 'ठेवा की' म्हटलंय. अडचणी अशा: स्कॅन करून देणाऱ्याने दुसऱ्या आवृत्तीची एकच फाइल दिली आहे, ४१२ एमबीची. त्यात नाव शोधता येत नाही. एका भाच्याचं म्हणणं, ड्राइव्हवर टाक आणि लिंक दे, स्वतःच्या जागेवर कशाला भार? आणि पुण्याच्या चुलत बहिणीने 'माझं नाव काढणार असशील तरच टाक' असा निरोप धाडला आहे. तिचा मुद्दा मला अजून नीट कळलेला नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बिटबाइट

४१२ एमबी म्हणजे त्या माणसाने काळ्या अक्षरांची पानं ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केली असणार. छापील मजकुराला ३०० डीपीआय पुरतं, आणि तेही करड्या छटांत. फोटोंची पानं तेवढी रंगीत ठेवा. मूळ मोठी फाइल मात्र टाकून देऊ नका. ती बाहेरच्या हार्डडिस्कवर जपून ठेवायची आणि संकेतस्थळावर तिची बारीक केलेली प्रत जायची.

बारीक करताना एक धोंड आहे, ती सांगून ठेवतो. काळ्या-पांढऱ्या पानांसाठी जेबिग-टू नावाची दाबण्याची पद्धत असते. तिच्या एका प्रकारात सारखी दिसणारी अक्षरं एकच समजून एकाच्या जागी दुसरं चिकटवलं जातं. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सच्या काही यंत्रांवर बांधकामाचा नकाशा स्कॅन केला तर खोल्यांच्या मापातले आकडेच बदलून येत होते. अक्षर पुसट आलं तर निदान कळतं तरी. इथे आकडा स्वच्छ, ठळक आणि चुकीचा. कुळवृत्तांतात सनावळ्या सोडून दुसरं असतं काय? तेव्हा 'लॉसलेस' लिहिलेला पर्यायच निवडा, चार एमबी जास्त गेले तरी चालतील.

दुसरं, एक अख्खा ग्रंथ एका फाइलीत देऊ नका. शाखेनुसार तुकडे करा. ज्याला आपली शाखा हवी तो तेवढीच घेईल. लिंकशेजारी 'पीडीएफ, ६२ पाने, ५ एमबी' असं लिहा. गावाकडे रेंजच्या शोधात गच्चीवर उभा राहणारा माणूस तुम्हाला दुवा देईल.

निवांत

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडेही हेच चाललंय, फक्त आमच्या कुलमंडळात दोन गट आहेत आणि दोघांचे वेगवेगळे मूळ पुरुष.

खिळाजुळारी

'नाव शोधता येत नाही' याची कारणं दोन असू शकतात, आधी ती वेगळी करा. फाइल म्हणजे नुसती पानांची चित्रं असतील तर शोधायला त्यात अक्षरच नाही. पण १९९८ ची आवृत्ती डीटीपीची आहे म्हणता, म्हणजे कुठेतरी पेजमेकरची (पानं जुळवायचं तेव्हाचं सॉफ्टवेअर) मूळ फाइल असण्याची शक्यता आहे. मी त्या काळात हेच काम करायचो. छापखान्यात, नाहीतर जुन्या चिटणीसांच्या माळ्यावर सीडी किंवा फ्लॉप्या सापडतात का बघा.

सापडली तरी लगेच नाचू नका. तेव्हाचे मराठी फाँट युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत) नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असायचे. पडद्यावर 'कुळ' दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. म्हणून अशा फाइलीतून कॉपी केलं की भलतंच काहीतरी चिकटतं आणि शोधायला गेलं की हाती शून्य.

रूपांतर करून देणारी साधनं आहेत, फुकटही आहेत. फक्त तुमचा फाँट नेमका कोणता ते कळलं पाहिजे, कारण प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी होती. रूपांतर झाल्यावर तीन जागा डोळ्यांत तेल घालून तपासा. पहिली वेलांटी: जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. हलवायची राहिली तर 'विनायक'मध्ये ती 'व'च्या आधीच सुटी लटकते. दुसरी रफार: अर्जुन, दुर्गा, पार्वती यांच्यात तो एक घर इकडे-तिकडे सरकतो. तिसरी म्हणजे कऱ्हाड, गोऱ्हे, बऱ्हाणपूर यांतला 'ऱ्'. तो तर हमखास गायब किंवा त्याजागी चौकोन. नावांच्या यादीत शब्दतपासनीस काही कामाचा नाही, कारण 'विठाबाई' चूक की 'विठबाई' चूक हे त्याला ठाऊक नसतं. माणूसच बसवावा लागतो, शक्यतो त्या शाखेतला.

बिटबाइट

+१. आणि मूळ फाइल नाहीच सापडली तर टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) वापरा. फुकट आहे, मराठीसाठी वेगळं मॉडेल आहे, २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी बऱ्यापैकी ओळखतं. १९९८ च्या ऑफसेटच्या पानांवर चांगलं चालेल. १९३८ च्या तुटक्या खिळ्यांवर रडतखडत. त्याने ओळखलेला मजकूर पानाच्या चित्राखाली अदृश्य थर म्हणून बसवता येतो: वाचणाऱ्याला मूळ पानच दिसतं, शोधणाऱ्याला नाव सापडतं. ओळखण्यात चूक झाली तरी डोळ्यांसमोर खरं पान असतंच.

एक गंमत. युनिकोडमध्ये टाइप करून केलेली पीडीएफसुद्धा कधीकधी शोधाला दाद देत नाही. पीडीएफ आत आकार साठवते, आणि कोणता आकार म्हणजे कोणतं अक्षर हा तक्ता नीट बसलेला नसला तर जोडाक्षरांची वाट लागते. म्हणून नामसूची संकेतस्थळावर साध्या वेबपानावरच द्या आणि प्रत्येक नावापुढे शाखा आणि पान क्रमांक. त्यासाठी पीडीएफच्या नादी लागू नका.

माहेरवाशीण

तुमच्या चुलत बहिणीचा मुद्दा मी सांगते, मला चांगलाच कळलाय.

आमच्या माहेरच्या घराण्याची अशीच फाइल कुणीतरी कुठेतरी ठेवली आणि ती फिरत राहिली. गेल्या वर्षी माझ्या आईला फोन आला. 'मावशी, मी अमक्याचा मुलगा', आणि त्याने तिच्या सासऱ्यांचं नाव, तिचं माहेरचं आडनाव, मोठ्या दिरांचं कऱ्हाडचं घर, धाकट्या जावेचं माहेर, सगळं धडाधड सांगितलं. आईला वाटलं, इतकं माहीत आहे म्हणजे घरचाच. गाडीला अपघात झालाय, दवाखान्यात पैसे भरायचे आहेत, असं काहीतरी होतं. माझी वहिनी शेजारी होती म्हणून निभावलं. 'कुठल्या वाड्यातला तू, ओटीवर झोपाळा कोणत्या बाजूला?' असं तिने विचारलं आणि फोन बंद झाला. झोपाळा पुस्तकात नव्हता.

आईचं माहेरचं आडनाव हा बँकांचा आवडता सुरक्षा-प्रश्न आहे हे विसरू नका. कुळवृत्तांतात ते असतं, जन्मतारीख असते, नोकरी कुठे ते असतं, १९९८ च्या आवृत्तीत बहुधा दूरध्वनी क्रमांक आणि पत्तेही असतील. हयात माणसांचं हे सगळं तुम्ही जगाला का वाटणार?

जुनाजाणता

ताई, क्षमस्व, पण हे जरा जास्त होतंय. पुस्तक छापून विकलं तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. ग्रंथालयांतही प्रती असतील. जे छापील आणि जाहीर आहे ते पीडीएफ झाल्याने गुप्त कसं होतं?

माहेरवाशीण

छापील पुस्तक पाचशे नातलगांच्या कपाटात असतं काका. ठगाला ते मिळवायचं तर आधी आमच्या घरी चहाला यावं लागेल. नेटवर तो रात्री दोन वाजता नुसतं आडनाव टाकून शोधतो. शिवाय १९९८ साली माहिती पाठवताना लोकांनी छापील पुस्तकासाठी पाठवली होती, नेटसाठी नव्हे. तेव्हा माझं वय सतरा होतं, फॉर्म बाबांनी भरला.

सरळसोट

ताईंना +१००. व्यवहाराचं सांगतो. हयात व्यक्ती वगळून एक आवृत्ती जाहीर ठेवायची. हयात आहे की नाही हे ठाऊक नसेल तर जन्माला शंभर वर्षं झाली नसतील त्यांना हयात धरायचं. वंशावळीवर काम करणारी मंडळी जगभर साधारण असंच करतात. पूर्ण आवृत्ती हवी असेल त्याने कुलमंडळाकडे ओळख देऊन मागावी.

आणि कृपा करून 'गुपचूप' लिंक ठेवू नका. लिंक पानावर नसली तरी एकाने गटात टाकली की झालं. काही जण शोधयंत्रांसाठी असलेल्या रोबोट्स फाइलीत 'इकडे येऊ नका' असं लिहून निश्चिंत होतात. ती फाइल कोणालाही वाचता येते, उलट तीच पत्ता सांगते. संकेतशब्द लावायचा तर खरा लावा, आणि तो कुलस्वामिनीचं नाव नसावा, एवढं तरी बघा.

खिळाजुळारी

वगळण्यावरून आठवलं. लोक पीडीएफमध्ये मजकुरावर काळी पट्टी ओढतात आणि समजतात की झाकलं. पट्टी वर बसते, अक्षरं खाली तशीच राहतात. निवडून कॉपी केली की सगळं बाहेर. मोठमोठ्या कचेऱ्यांची कागदपत्रं अशीच उघडी पडली आहेत. स्कॅन असेल तर चित्रावरच खोडा आणि मग पीडीएफ करा. अदृश्य मजकुराचा थर टाकला असेल तर तो खोडल्यानंतर नव्याने टाका, नाहीतर झाकलेला नंबर शोधात सापडेल. फाइलच्या गुणधर्मांत तुमचं नाव, संगणकाचं नाव, कधीकधी फोल्डरचा पत्ता राहतो, तोही पुसा.

कलम-कसाई

कायद्याचं थोडं. मी वकील आहे, पण इथे फी लावत नाही, त्यामुळे सल्ला त्याच भावाचा समजावा.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. आधी ५० होती. टागोर १९४१ साली गेले, त्यांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपत होती, तोंडावर आल्यावर सरकारने ती दहा वर्षांनी वाढवली आणि तो फायदा सगळ्यांनाच मिळाला. तुमच्या १९३८ च्या आवृत्तीचे संपादक समजा १९६१ साली वारले, तर मोजणी १९६२ पासून, म्हणजे २०२१ अखेर हक्क संपला. संपादक दोघे-तिघे मिळून असतील तर शेवटचा जो गेला त्याच्यापासून मोजा. प्रकाशनाच्या सालापासून मोजण्याची चूक सर्रास होते.

१९९८ च्या आवृत्तीचा हक्क इतक्यात संपण्याचा प्रश्नच नाही. नावं आणि जन्मसालं यांवर कुणाचा हक्क नसतो, पण प्रस्तावना, चरित्रं, माहितीची मांडणी यांवर असतो. चिटणीसांचं तोंडी 'ठेवा की' पुरणार नाही. उद्या चिटणीस बदलले की नवे म्हणतील, कोण हो तुम्ही? कार्यकारिणीच्या सभेत ठराव करून त्याची नक्कल घ्या. संपादकांचं आणि मंडळाचं काय ठरलं होतं तेही विचारा, हक्क मंडळाकडे नसेल तर मंडळ देणार कुठून?

मोडी कागदांबरोबर पणजोबांची पत्रंबित्रं असतील तर एक बारकावा. हयातीत प्रसिद्ध न झालेल्या लेखनाची मुदत मृत्यूपासून नाही, पहिल्या प्रकाशनापासून मोजायची असते, कलम २४. तेव्हा वारसांना विचारून घ्या. पेशवाईतल्या सनदेवर मात्र कुणी दावा लावत येणार नाही.

मोडीवेडी

मी इतका वेळ मोडीची वाट बघत होते!

ते कागद काळे-पांढरे अजिबात करू नका. बोरूची शाई कुठे फिकट झाली, शिक्का कोणत्या रंगाचा, शेवटी मोर्तब (अखेरचा शिक्का) आहे का, नंतर कुणी दुसऱ्या हाताने काय लिहिलं, हे सगळं रंगातच कळतं. मागची बाजूही स्कॅन करा, कोरी वाटली तरी. घड्या घालून बांधलेल्या कागदाच्या पाठीवर 'अमक्याचे पत्र, तमक्या तारखेस पावले' अशी ओळ असते आणि कित्येकदा साल तेवढ्यावरूनच लागतं. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. फोनने फोटो काढणार असाल तर फोटोत घराचं अक्षांश-रेखांश साठवलं जाऊ शकतं, ते काढून टाका. जुनी कागदपत्रं कोणत्या घरात आहेत हे जगाला कळायला नको.

लिप्यंतर वेगळं द्या, कागदाच्या चित्रावर लिहू नका. ओळीला ओळ ठेवा. जे लागलं नाही तिथे टिंबं द्या, अंदाजाने भरू नका. तारीख मूळ जशी असेल तशी लिहा आणि इसवी सन पुढे कंसात. शकात ७८ मिळवायचे, पण पौष-माघ-फाल्गुनातली तिथी असली तर बहुधा ७९. सुहूर सन (जुन्या मराठी दप्तरांतली कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६००, कारण ते वर्ष मृगापासून सुरू होतं. नुसतं इसवी सन दिलं आणि हिशेब चुकला तर पुढच्याला तपासायला काहीच उरत नाही.

आणि हो, युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे, फाँटही मिळतात, पण लिप्यंतर बाळबोधच (म्हणजे देवनागरी) ठेवा. हौस म्हणून मोडी टाइप केलं तर वाचणार मी आणि अजून चौघं.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. आम्हा परदेशस्थांना या फाइलींचा खरा उपयोग. मुलांना देवनागरी जेमतेम येतं, म्हणून नामसूची रोमन लिपीतही द्या ही विनंती.

ड्राइव्हबद्दल माझं मत वेगळं आहे. एका काकांनी घराण्याची पानं फुकट जागेवर टाकली होती. ती सेवा बंद पडली, काकाही गेले, आमच्याकडे फक्त पत्ता उरला. ड्राइव्हची लिंक एका माणसाच्या खात्याला बांधलेली असते. शिवाय अर्ध्या वेळा 'परवानगी मागा' असं पान येतं आणि मागितलेली परवानगी कुणी बघत नाही. स्वतःच्या डोमेनवर पत्ता तुमचा असतो, उद्या कंपनी बदलली तरी लिंक तीच राहते. चार-सहाशे नातलगांच्या डाउनलोडने कुठलाही सर्व्हर आडवा पडत नाही. जाहीर आवृत्तीची एक प्रत इंटरनेट आर्काइव्हवर टाकून ठेवा, पण फक्त जाहीर आवृत्तीचीच. तिकडे गेलेलं परत घेणं सोपं नसतं.

बिटबाइट

फाइलच्या नावाबद्दल कुणी बोललंच नाही. 'कुळवृत्तांत फायनल नवीन २' असं नाव नको. देवनागरी नावही नको, मातृभाषेचा कितीही अभिमान असला तरी. देवनागरीचं एक चिन्ह युनिकोडच्या हिशेबात तीन बाइट्स घेतं आणि लिंक कॉपी केली की त्याची नऊ रोमन चिन्हं होतात. 'कुळवृत्तांत' या एका शब्दाची टक्क्यांच्या खुणांची अशी लांबलचक माळ होते की व्हॉट्सअ‍ॅपवर आत्या ती बघून 'व्हायरस आहे' म्हणणार. छोटी रोमन अक्षरं, मध्ये आडवी रेघ, मोकळी जागा नाही.

नाव एकदा ठेवलं की बदलायचं नाही. दुरुस्ती केली तरी त्याच नावाने नवी फाइल चढवा. मात्र प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख छापा, कारण लोकांच्या फोनमध्ये जुनी प्रत राहणारच. दुरुस्त्यांसाठी शुद्धिपत्राचं पान वेगळं ठेवा, पुस्तकात शेवटी असायचं तसं, फक्त इथे ते वाढत जाईल.

जुनाजाणता

दोन दिवस विचार केला. माहेरवाशीण ताईंचं फोनचं प्रकरण वाचून घरात विचारलं तर आमच्याकडेही असा फोन येऊन गेलाय म्हणे, मला कुणी सांगितलं नव्हतं. हयातांची माहिती नको, मान्य.

पण १९३८ च्या आवृत्तीचं काय? आमच्या जुन्या आवृत्तीत 'बुद्धीने मंद', 'परागंदा', 'घर सोडून गेली' अशा नोंदी आहेत. माणसं गेली, नातवंडं आहेत. ते ठेवायचं की गाळायचं?

मोडीवेडी

ठेवायचं. जुन्या छापील पानाला हात लावला की तो दस्तऐवज राहत नाही. फार तर आधी एक पान जोडून लिहा की ही भाषा त्या काळची आहे.

माहेरवाशीण

मला तसं वाटत नाही. 'घर सोडून गेली' असं जिच्याबद्दल लिहिलंय तिने स्वतः कधी काही सांगितलेलं नाही, लिहिणाऱ्याने लिहिलं. तिची नात आज पन्नाशीची असेल. निदान तिला विचारा तरी. आणि बाकी मुलींचं काय? प्रत्येक पानावर 'कन्या: सुशीला' आणि पुढे पूर्णविराम. सासर नाही, मुलं नाहीत. चार पिढ्यांच्या पुरुषांच्या नोकऱ्या आणि बदल्या छापल्यात. नेटवरच्या आवृत्तीला पानांची मर्यादा नाही, तेव्हा गेलेल्या लेकींच्या रेघा तरी पुढे न्या.

कसब्याचा पाहुणा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आतापर्यंत झालेलं सांगतो.

कार्यकारिणीची सभा झाली, ठराव झाला, नक्कल हातात आहे. १९३८ च्या दोन संपादकांपैकी शेवटचे १९५७ साली गेले, म्हणजे ती आवृत्ती २०१८ पासून मोकळी. ती जशीच्या तशी जाईल, पण तीन नोंदींसाठी त्या-त्या घरी पत्र लिहिलं आहे. उत्तर येईपर्यंत ती शाखा चढवणार नाही. १९९८ ची फक्त दिवंगतांपुरती, हयातांची माहिती चित्रावरच खोडून. चुलत बहिणीला हा धागा पाठवला. तिचं उत्तर आलं, 'हेच सांगत होते', आणि लेकींच्या रेघांचं काम तिने अंगावर घेतलंय. पहिली शाखा तिच्याकडेच आहे.

पेजमेकरची फाइल छापखान्यात नाही, पण जुन्या चिटणीसांच्या मुलाकडे एक सीडी सापडली. उघडते. फाँटचं नाव दिसतंय पण फाँट सीडीवर नाही.

खिळाजुळारी

फाँटचं नाव आणि एक पान व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्या जुन्या संगणकावर त्या काळचे बहुतेक आहेत, कोणत्या रूपांतरकाला कोणती मांडणी द्यायची ते बघून सांगतो. आणि सीडीची आधी प्रत काढा, मगच तिच्याशी खेळा. इतकी जुनी सीडी दुसऱ्यांदा उघडेलच असं नाही.

एडिसनकर

डोमेनचं नूतनीकरण कोणाच्या कार्डावर आहे? एकट्या तुमच्या असेल तर मंडळातल्या दुसऱ्या कुणाचा तरी ईमेल तिथे जोडून ठेवा. आमच्या काकांचं तेच राहून गेलं.

कसब्याचा पाहुणा (धागाकर्ता)

भाच्याचा जोडला. ड्राइव्हवाल्याच.